लिझ्यूच्या तेरेजाचं आत्मचरित्र शेवटच्या वहीपासून वाचा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी तो नीट समजून घेतलाय की नाही हे तुम्हालाही कळेल. कामाच्या ठिकाणच्या एका कॅथलिक मैत्रिणीनं तुम्हाला लिझ्यूच्या संत तेरेजाचं आत्मचरित्र, 'एका आत्म्याची कथा', इंग्रजी अनुवादात वाचायला दिलं. तुम्ही ख्रिस्ती नाही, पण संतसाहित्य आवडीनं वाचता. साठेक पानं वाचून तुम्ही थांबलात. इवलंसं पांढरं फूल, बाहुल्यांच्या कपड्यांची टोपली, वडील म्हणजे 'राजा' आणि आपण त्याची 'छोटी राणी', पानोपानी डोळ्यांत पाणी, हे सगळं तुम्हाला फार गोडगोड वाटलं. मग तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. चोविसाव्या वर्षी क्षयानं गेलेल्या, शेवटची नऊ वर्षं मठाच्या भिंतीआड काढलेल्या मुलीच्या लिखाणात असं काय आहे की सव्वाशे वर्षांनंतरही लोक ते वाचतात? तिच्या बहिणीनं मजकुरात बदल केले असं ऐकलंय, तर त्यावर विश्वास किती ठेवायचा? आणि या धर्मात न वाढलेल्या वाचकानं पुढे वाचावं का?

मी आयुष्यभर फ्रेंच शिकवलं, आणि वसई भागातल्या वाचनगटांबरोबर, रिट्रीटमध्ये, म्हणजे प्रार्थनेच्या शिबिरांत, हे पुस्तक कितीदा तरी वाचत आले. त्या अनुभवावरून सांगते, त्या साठाव्या पानाशी थांबणारे तुम्ही काही पहिले नाही. घरात तिची तसबीर लावलेले, दर ऑक्टोबरात तिचा सण पाळणारे कॅथलिक वाचकसुद्धा तिथंच थांबतात. फक्त ते बोलून दाखवत नाहीत.

माझ्या मते अडचण तुमच्या आवडीनिवडीची नाही. अडचण ही आहे की आपण ज्याला एक पुस्तक समजतो ती प्रत्यक्षात तीन वेगळी लिखाणं आहेत. ती तीन वेगवेगळ्या बायकांना उद्देशून, तीन फार वेगळ्या मनःस्थितींत लिहिलेली आहेत. छापताना सगळ्यांत गोड भाग पहिला येतो आणि सगळ्यांत कडू भाग शेवटी. बहुतेक वाचक शेवटापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून मी नव्या वाचकाला नेहमी उलटं वाचायला सांगते. का, ते आता क्रमानं सांगते.

पहिलं लिखाण १८९५ सालचं. लिझ्यू हे नॉर्मंडीतलं छोटं शहर, आणि तिथल्या कार्मेलाइट, म्हणजे जगापासून अलग राहून प्रार्थना करणाऱ्या साध्वींच्या, मठात मार्टिन घराण्यातल्या चार सख्ख्या बहिणी एकत्र राहत होत्या. त्यातली पोलिन तेव्हा मठाची प्रमुख होती. थंडीतल्या एका संध्याकाळी गप्पा चालल्या असताना तेरेजा लहानपणच्या आठवणी रंगवून सांगत होती. तेव्हा थोरली मारी पोलिनला म्हणाली की हिला हे सगळं लिहून काढायला सांग. पोलिननं हुकूम केला, आणि तेरेजानं शाळकरी मुलांच्या स्वस्त वह्यांत, दिवसाची कामं आटोपल्यावर मिळणाऱ्या फावल्या वेळात, दिव्याच्या उजेडात लिहायला सुरुवात केली. जानेवारी १८९६ मध्ये तिनं लिखाण पोलिनच्या हाती दिलं. पोलिननं ते न वाचताच बाजूला ठेवलं, आणि पुढचे दोनेक महिने ते तसंच पडून राहिलं. तेरेजानं एकदाही विचारलं नाही की वाचलंस का, कसं वाटलं. आत्मचरित्र लिहिणाऱ्या माणसाबद्दल ही एक गोष्ट मला फार काही सांगून जाते.

तुम्ही वाचलेली साठ पानं या पहिल्या लिखाणातली आहेत. ती भाषा घरातली आहे. धाकट्या बहिणीनं आईच्या जागी असलेल्या थोरल्या बहिणीला, तिच्याच सांगण्यावरून, दोघींना माहीत असलेल्या गोष्टी लिहिल्या आहेत. त्यात १८९० च्या आसपासच्या फ्रेंच कॅथलिक घरांतली धार्मिक शैली मिसळली आहे, आणि ती शैली आज फ्रान्समधल्या वाचकालाही जड जाते. तेव्हा तो गोडवा खोटा मानू नका, पण तो ओलांडून त्याखाली काय चाललंय तेही बघा.

काय चाललंय? आई झेली लेस विणण्याचा धंदा चालवणारी, वडील लुई घड्याळजी. त्यांना नऊ मुलं झाली, त्यातल्या पाच मुली जगल्या. तेरेजा सर्वांत धाकटी, २ जानेवारी १८७३ चा जन्म. तान्हेपणी प्रकृती नाजूक म्हणून तिला शेतावर राहणाऱ्या एका दाईकडे ठेवलं. वर्षभरानं ती घरी परत आली, म्हणजे आयुष्यातली पहिली ओळखीची कूस तेव्हाच सुटली. साडेचार वर्षांची असताना आई स्तनाच्या कर्करोगानं गेली. मग तिनं पोलिनला आई मानलं. नऊ वर्षांची असताना, १८८२ मध्ये, पोलिन मठात गेली. पुढच्याच वर्षी तेरेजा इतकी आजारी पडली की घरच्यांनी आशा सोडली होती. मग मारीला आई मानलं, तीही १८८६ मध्ये मठात गेली. आता त्या 'रडक्या' पानांकडे पुन्हा बघा. ते लाडावलेल्या मुलीचं रडणं वाटतं, पण खरं तर आई पुन्हापुन्हा गमावलेल्या मुलाचं आहे. तिनं स्वतः आपल्या आयुष्याचे तीन भाग केले आहेत, आणि साडेचार ते चौदा या वर्षांना तिनं सगळ्यांत दुःखाचा काळ म्हटलंय. गोड शब्दांमुळे हे वाक्य वाचकाच्या नजरेतून निसटतं.

त्याच पहिल्या लिखाणात पुढे गेलात, तर तिची दुसरी बाजू दिसेल. १८८७ मध्ये पॅरिसमध्ये प्रांझिनी नावाच्या माणसाला तिघींच्या खुनाबद्दल देहदंडाची शिक्षा झाली. चौदा वर्षांच्या या मुलीनं ठरवलं की हा आपला, याच्यासाठी आपण प्रार्थना करायची. वडिलांनी वर्तमानपत्र वाचायला मनाई केली होती. तिनं ती मोडून वर्तमानपत्र उघडलं आणि वाचलं, की गिलोटिनच्या पायरीवर त्यानं क्रूस हातात घेऊन तीनदा चुंबन घेतलं. त्याला ती आपलं 'पहिलं मूल' म्हणते. त्याच वर्षी नोव्हेंबरात रोममध्ये यात्रेकरूंना पोपशी बोलायची मनाई असताना ही मुलगी तेराव्या लिओंच्या पायांशी गुडघे टेकून, पंधराव्या वर्षी मठात जायची परवानगी मागत राहिली. शेवटी पहारेकऱ्यांनी तिला उचलून बाहेर नेलं. ९ एप्रिल १८८८ ला ती मठात गेलीच. तिला भाबडी समजणाऱ्या वाचकांना मी आधी हा प्रसंग वाचून दाखवते.

पण मी तुम्हाला सुरुवात करायला सांगते ती शेवटच्या वहीपासून. जून १८९७. तेरेजाला रक्ताच्या उलट्या सुरू होऊन वर्ष उलटून गेलंय. आता प्रमुख आहेत मारी द गोंझाग, बहीण नव्हे. त्यांच्या सांगण्यावरून ती पुन्हा लिहायला बसते. बहुतेक वेळा बागेत, झाडांखाली, चाकांच्या खुर्चीत. ही खुर्ची तिच्या वडिलांची. त्यांना अखेरच्या वर्षांत काँ इथल्या मनोरुग्णालयात ठेवावं लागलं होतं. ही वही सलग लिहिताच आली नाही, हे ती वहीतच लिहिते. लेखणी उचलावी तर खांद्यावर दाताळं टाकून एखादी बहीण (मठातल्या साध्वींना बहीणच म्हणतात) येते आणि आजाऱ्याला विरंगुळा म्हणून गप्पा सुरू करते. गवत, बदकं, कोंबड्या, डॉक्टर येऊन गेले त्याची हकीकत. ती गेली की दुसरी. शेवटची पानं पेन्सिलीनं लिहिली आहेत, कारण दौतीत टाक बुडवायची ताकद राहिली नव्हती. जुलैच्या सुरुवातीला लिखाण मध्येच थांबतं. ३० सप्टेंबरला ती गेली.

या वहीत वीस-पंचवीस बायका कायमच्या एका छपराखाली राहतात तेव्हा काय होतं, ते आहे. एक बहीण तिला कशानंही आवडत नाही, बोलणं, वागणं, स्वभाव, काहीच नाही. तिच्याशी तेरेजा इतकी गोड वागते की ती एक दिवस आनंदानं विचारते, माझ्यात तुम्हाला एवढं काय आवडतं हो? प्रार्थनेच्या वेळी मागे बसणारी दुसरी एक बहीण दोन शिंपले एकमेकांवर घासावेत तसा बारीक आवाज सतत करते. तेरेजाला वळून एक नजर टाकावीशी वाटते. ती घामाघूम होते, पण वळत नाही. शेवटी तो आवाज ऐकायचा नाही हा प्रयत्न सोडून देते आणि तो नीट कान देऊन ऐकायला लागते, जणू गाण्याची मैफल आहे. धुण्याच्या दिवशी समोरची बहीण रुमाल आपटताना दर वेळी घाण पाणी तिच्या तोंडावर उडवते. मागे सरून तोंड पुसावं, म्हणजे तिला कळेल, हा पहिला विचार. तेरेजा तो मनातला विचार जसाच्या तसा लिहिते, मगच पुढे काय केलं ते सांगते.

तिची खरी ताकद इथं आहे असं मला वाटतं. संतचरित्रं बहुधा मोठ्या परीक्षांची असतात. छळ, तुरुंग, दुष्काळ, दृष्टांत. तेरेजाच्या पुस्तकात चमत्कार जवळजवळ नाहीत. आजारपणात तिनं मारियामातेची मूर्ती हसताना पाहिली, तसे एकदोन प्रसंग सोडले तर काही नाही. आहे ते म्हणजे चीड, कंटाळा, झोप. प्रार्थनेत आपल्याला डुलकी लागते हे ती सरळ सांगते, आणि त्याबद्दल स्वतःला कुढवत नाही. म्हणते, मुलं झोपलेली असतानाही आईबापांना तितकीच आवडतात. वाचनगटात ते धुण्याचं पान वाचलं की तोवर गप्प बसलेली माणसं बोलायला लागतात. कुणी सासूबद्दल, कुणी वसतिगृहातल्या खोलीबद्दल, कुणी कामाच्या ठिकाणी शेजारच्या टेबलाबद्दल. चिडीचं इतकं अचूक वर्णन, आणि तेही चिडलेल्यानं स्वतःला मोठं न करता केलेलं, मला धार्मिक साहित्यात फारसं भेटलेलं नाही.

एक प्रसंग मात्र मी सावकाश वाचायला सांगते. संत पियेर नावाची एक म्हातारी, पांगळी बहीण होती. संध्याकाळी पाच पन्नासला तिला प्रार्थनेच्या जागेवरून उठवून भोजनगृहात न्यायचं काम तेरेजानं अंगावर घेतलं होतं. स्टूल कसं उचलायचं, कमरपट्टा कसा धरायचा, किती हळू चालायचं, सगळं ठरलेलं. जरा पाऊल चुकलं की म्हातारी ओरडणार, 'मी म्हटलं होतं ना, तू फार लहान आहेस या कामाला!' जागेवर बसवल्यावर तिच्या दुखऱ्या हातांना पाव कापता येत नाही हे लक्षात आलं, तेव्हा तेरेजा न सांगता तिचा पाव कापून द्यायला लागली. एका थंडीतल्या रात्री हे काम करताना दूरवरून वाद्यांचा आवाज आला. झगमगणारा दिवाणखाना, नटलेल्या मुली तिच्या डोळ्यांसमोर आल्या. मग तिनं आधार दिलेल्या म्हातारीकडे पाहिलं. ती लिहिते की त्या क्षणाची अदलाबदल मी कशाशीही केली नसती. संगीत ऐकू आलं नाही, मला त्याची ओढच नव्हती, असं ती म्हणत नाही. दिवाणखाना तिला पूर्ण दिसला होता.

तुम्ही गोडव्याबद्दल तक्रार केलीत, म्हणून याच वहीतली आणखी एक जागा सांगते. नवशिक्या बहिणींना शिकवायचं काम तिच्याकडे होतं, आणि त्या मुली तिच्या तोंडावर तिचे दोष सांगत. ती लिहिते, सगळ्यांच्या कौतुकानं, फार साखरेच्या खाण्यानं मन विटतं. मग मला चांगलं व्हिनेगर घातलेलं, मसालेदार सॅलड मिळतं, आणि त्यात फक्त तेल नसतं. स्वतःच्या गोडव्यालाच विटलेली ही लेखिका शेवटच्या वहीत भेटते. पहिल्या साठ पानांत तिचा पत्ता लागणं अवघड.

आता सगळ्यांत अवघड भाग. एप्रिल १८९६ मध्ये, गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री, तिला पहिल्यांदा रक्त पडलं. आपण लवकरच स्वर्गात जाणार म्हणून तिला आनंद झाला. काही दिवसांतच, ईस्टरच्या त्या दिवसांत, स्वर्गावरची श्रद्धाच झाकोळून गेली, आणि मरेपर्यंत ते मळभ हटलं नाही. ती लिहिते की यापूर्वी श्रद्धा नसलेली माणसं खरोखर असतात यावर तिचा विश्वास नव्हता. तिला वाटायचं, ते मनाविरुद्ध बोलतात. आता तिला कळलं. अंधार तिला टोमणे मारतो. तुला प्रकाशाची स्वप्नं पडतात ना, चल, पुढे चल, मरणाचा आनंद कर, ते तुला तुझ्या आशेतलं काही देणार नाही, देईल आणखी गडद रात्र, शून्याची रात्र. एवढं लिहून ती थांबते, कारण आणखी लिहिलं तर ईश्वरनिंदा होईल असं तिला भय वाटतं.

श्रद्धा नसलेल्यांबद्दल ती जे म्हणते ते मला आजही थक्क करतं. त्यांना वाट दाखवायला मी वरून उतरले, असा तिचा सूर नाही. ती म्हणते मी त्यांच्या पंगतीला बसले आहे, त्यांची दुःखाची भाकर खाते आहे, आणि देवाची इच्छा असेल तोवर उठणार नाही. त्याच दिवसांत ती मठातल्या बहिणींसाठी स्वर्गाच्या आनंदाची गाणी रचत होती. त्याबद्दलही ती लपवाछपवी करत नाही. मला त्यात काहीच आनंद वाटत नाही, मी फक्त ज्यावर विश्वास ठेवायची माझी इच्छा आहे ते गाते, असं सांगते. यातले विश्वास ठेवायच्या इच्छेबद्दलचे शब्द तिनं हस्तलिखितात ठळक मोठ्या अक्षरांत लिहिले आहेत. आमच्या गटात ज्यांच्या घरी नुकताच मृत्यू झालाय, ज्यांना प्रार्थना म्हणताना काहीच जाणवत नाही अशा लोकांना मी हेच पान देते. त्यांना दिलासा हवा असतो हे खरं, पण त्याआधी आपल्यासारखंच कुणी संतपदाला पोचलंय हे कळायला हवं असतं.

दुसरं लिखाण मधलं, सप्टेंबर १८९६ चं, मारीला उद्देशून. ते आकारानं लहान आहे आणि सर्वांत उत्कट. मला योद्धा व्हायचंय, धर्मगुरू व्हायचंय, धर्मप्रसारक व्हायचंय, हुतात्मा व्हायचंय, सगळंच व्हायचंय, असं ती लिहिते. मग बायबलमधल्या पौलाच्या पत्रातला प्रेमाबद्दलचा अध्याय वाचून तिला उत्तर सापडतं, की आपण चर्चच्या हृदयात प्रेम व्हायचं. गंमत अशी की ज्या मारीसाठी हे लिहिलं ती वाचून खट्टू झाली. माझ्यात अशा इच्छा कुठं आहेत, असं तिनं कळवलं. तेरेजानं पत्रानं उत्तर दिलं. त्याचा आशय असा, की त्या इच्छांचं काही मोल नाही. देवाला आवडतं ते माझं लहानपण आणि माझी रिती ओंजळ मला प्रिय आहे हे, आणि त्याच्या दयेवरचा माझा आंधळा भरवसा. 'छोटा मार्ग' म्हणून तिची जी शिकवण गाजली ती नेमकी इथं सापडते, आत्मचरित्राच्या बाहेर, बहिणीच्या तक्रारीला दिलेल्या उत्तरात.

संतसाहित्य वाचणाऱ्या तुमच्या मनात इथं तुकोबांचं 'लहानपण देगा देवा' आलं असणार. आमच्याकडेही दर वेळी कुणीतरी म्हणतंच. साम्य आहे, पण मला फरक महत्त्वाचा वाटतो. तुकोबा सांगतात ते मोठेपणाच्या यातनांबद्दल. ऐरावत रत्न थोर, त्याला अंकुशाचा मार. तेरेजाच्या लहानपणात सुरक्षितता नाही. तिची अडचण अशी की तिला संत व्हायचंय आणि संतांच्या तुलनेत ती म्हणजे डोंगरापुढे धुळीचा कण. तिच्या काळात श्रीमंतांच्या घरी नुकती लिफ्ट आली होती. तिनं लिहिलं की मला जिना चढायची ताकद नाही, मला लिफ्ट हवी, आणि ती लिफ्ट म्हणजे येशूचे हात. म्हणून मोठं व्हायची गरजच नाही, उलट आणखी लहान व्हायला हवं, म्हणजे उचलता येईल. बहिणाबाई शिऊरकरांचे आत्मचरित्रपर अभंग तुम्ही वाचले असतील तर आणखी एक गोष्ट जाणवेल. बहिणाबाईंना घरातच विरोध होता, नवऱ्याचा मार होता. तेरेजाला सगळे जपत होते. तिची लढाई बाहेर कुणाशी नव्हती, म्हणून ती बघायला जास्त लक्ष द्यावं लागतं.

एक इशारा द्यायला हवा, कारण याचा दुरुपयोग मी पाहिला आहे. 'छोटा मार्ग' म्हणजे गप्प सोसत राहा, असं बायकांना शिकवायला हे पुस्तक वापरलं जातं. मजकुरात त्याला आधार नाही. तोंडावर उडणारं पाणी ती सोसते, पण नवशिक्या बहिणींच्या बाबतीत ती म्हणते, मी गढीच्या सर्वांत उंच बुरुजावरून शत्रूवर नजर ठेवणाऱ्या पहारेकऱ्यासारखी आहे, माझ्या नजरेतून काही सुटत नाही. त्यांना कडक वाटले तरी चालेल, पण खरं सांगेन. घरात मारहाण सोसणाऱ्या बाईला कुणी हे पुस्तक सहनशीलतेचा धडा म्हणून देत असेल, तर देणाऱ्यानं ते वाचलेलंच नाही.

आता मजकुरातल्या बदलांबद्दल. तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. कार्मेल मठात कुणी वारलं की तिच्या जीवनाबद्दलचं एक पत्रक इतर कार्मेल मठांना पाठवायची पद्धत होती. तेरेजाच्या बाबतीत पत्रकाच्या जागी हे पुस्तक गेलं. ३० सप्टेंबर १८९८ ला, तिच्या पहिल्या स्मृतिदिनी, २००० प्रती निघाल्या. पोलिननं तिन्ही लिखाणं एकत्र केली, प्रकरणं पाडली, भाषा सफाईदार केली, घरगुती तपशील गाळले. मारी द गोंझाग यांच्या अटीवरून सगळा मजकूर त्यांनाच उद्देशून असल्यासारखा केला. मूळ लिखाण जसंच्या तसं, हस्ताक्षराच्या प्रतिकृतीसह, १९५६ मध्ये आलं. तोवर पोलिन हयात नव्हती. तेरेजाच्या छायाचित्रांचंही असंच झालं. तिची बहीण सेलिन मठात येताना कॅमेरा घेऊन आली होती, त्यामुळे तिची बरीच छायाचित्रं आहेत. पण लोकांपर्यंत दीर्घकाळ पोचल्या त्या सेलिननं हात फिरवलेल्या मऊ प्रतिमा. मूळ छायाचित्रांतला चेहरा भरीव, हनुवटी ठाम, नजर थेट.

म्हणून विश्वास किती ठेवायचा हे तुमच्या हातातली आवृत्ती कोणती यावर आहे. प्रस्तावना वाचा. तीन हस्तलिखितं वेगळी दाखवली असतील, पहिलं पोलिनला, दुसरं मारीला, तिसरं मारी द गोंझाग यांना उद्देशून असेल, तर निर्धास्त वाचा. सगळं एकाच मदर प्रायोरेसला, म्हणजे मठप्रमुखाला, उद्देशून असेल, तर ती जुन्या आवृत्तीवरून केलेली प्रत आहे. तीही वाईट नाही. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैनिकांनी खंदकांत जवळ बाळगली ती हीच. पण तुम्हाला ज्या गोडव्याचा त्रास झाला त्यातला काही वाटा पोलिनच्या हातचा असू शकतो.

चर्चनं संत केलं म्हणून लोक वाचतात का? तारखा पाहिल्या तर उलट दिसतं. पुस्तक १८९८ चं, आणि मठाकडे पत्रांचा ओघ सुरू झाला तो त्यानंतर. तेव्हाच्या नियमाप्रमाणे संतपदाची पुढची पायरी गाठायला मृत्यूनंतर पन्नास वर्षं थांबावं लागे. तिच्यासाठी ती अट शिथिल केली आणि १७ मे १९२५ ला तिला संत घोषित केलं. १९२७ मध्ये फ्रान्सिस झेवियर यांच्या बरोबरीनं तिला मिशनकार्याची आश्रयदाती संत केलं. एकाचा देह जुन्या गोव्यात आहे, त्यानं अर्धी पृथ्वी पालथी घातली. दुसरी मठात गेल्यावर परत कधी बाहेर पडली नाही. १९९७ मध्ये तिला चर्चची आचार्य ही पदवी मिळाली, तोवर फक्त दोन स्त्रियांना मिळालेली, आविलाची तेरेजा आणि सिएनाची कॅथरीन. कोलकात्याच्या मदर तेरेसांनी नाव घेतलं ते आविलाच्या तेरेजाचं नव्हे, हिचं.

आविलाच्या तेरेजाचा उल्लेख आला म्हणून थोडं. कॅथलिक परंपरेत तीन मोठी आत्मकथनं मानली जातात. ऑगस्टीनचं देवाला उद्देशून आहे, चौथ्या शतकाच्या अखेरचं, बुद्धिमान माणसाचं. आविलाच्या तेरेजाचं सोळाव्या शतकातलं, तिच्या अनुभवांची खातरजमा करणाऱ्या धर्मगुरूंसाठी लिहिलेलं. तिचं हस्तलिखित तर वर्षानुवर्षं धर्मन्यायालयाच्या ताब्यात होतं. दोघांनाही वाचकापुढे काहीतरी सिद्ध करायचं होतं. लिझ्यूची तेरेजा ज्यांना लिहिते त्यांनी तिला रोज जेवताना, धुणं धुताना पाहिलं होतं. त्यांच्यापुढे आव आणणं शक्यच नव्हतं. तिच्या लिखाणावर माझा विश्वास बसतो तो मुख्यतः यामुळे.

तुमचा तिसरा प्रश्न, पुढे वाचावं का. तुम्ही काय शोधताय त्यावर आहे. तत्त्वचर्चा हवी असेल तर ऑगस्टीनकडे जा. ध्यानाच्या पायऱ्या, अनुभवांचं विश्लेषण हवं असेल तर आविलाच्या तेरेजाकडे, ती तुम्हाला नक्की आवडेल. घरी कुणी गंभीर आजारी असेल तर तेरेजाच्या शेवटच्या महिन्यांची वर्णनं असलेलं दुसरं साहित्य सध्या टाळा, पण ही शेवटची वही वाचायला हरकत नाही. यातलं काहीच नसेल, फक्त तुमच्या मैत्रिणीला हे पुस्तक का आवडतं ते समजून घ्यायचं असेल, तर आधी शेवटची वही वाचा. तिच्या सुरुवातीलाच लिफ्ट येते, लगेच अंधाराची पानं, मग धुणं, शिंपल्यांचा आवाज आणि म्हातारी संत पियेर. एवढं एका संध्याकाळी होतं. मग मारीला लिहिलेलं मधलं लिखाण. पहिली साठ पानं त्यानंतर पुन्हा उघडा. ती टोपली, ते फूल, ते रडणं तेव्हा कसं वाटतं ते बघा. आणि अंधाराच्या पानांनी तुम्हाला काहीच सांगितलं नाही, तर पुस्तक निःसंकोच परत करा आणि मैत्रिणीला विचारा की तिला कुठलं पान आवडतं. बहुतेक वाचकांचं एखादं पान ठरलेलं असतं, आणि ते पहिल्या साठांतलं क्वचितच असतं.